बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीआधीच्या टेस्ट आणि माझी धडधड

वजन कमी करायच्या ऑपरेशनचा विषय निघाला की सगळे ऑपरेशनबद्दलच बोलतात. कुठलं केलं, किती किलो गेले, केस गळतात का, नंतर भात खाता येतो का. पण त्याच्या आधी जे टेस्टचे आठवडे असतात त्याबद्दल फार कुणी बोलत नाही आणि माझी तर तिथेच गाळण उडाली. सर्जननी कागदावर जठराचं चित्र काढून त्याचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच कसा काढून टाकतात, उरलेली नळी कशी राहते, ह्यालाच स्लीव्ह म्हणतात, हे सगळं समजावलं ते मी शांतपणे ऐकलं, प्रश्नसुद्धा विचारले. मग त्यांनी पॅड जवळ ओढून तपासण्यांची यादी लिहायला घेतली आणि ते लिहीतच राहिले, तेव्हा मला घाम फुटला.

यादी सांगते, ज्यांचं व्हायचंय त्यांना आधी माहीत असलेलं बरं. रक्ताच्या टेस्टच एक पानभर, म्हणजे सीबीसी, शुगर, एचबीएवनसी, थायरॉइड, लिव्हर, किडनी, कोलेस्टेरॉल, लोह, बी १२, व्हिटॅमिन डी, रक्त गोठण्याच्या टेस्ट, एचआयव्ही आणि काविळीच्या. मग छातीचा एक्स-रे, ईसीजी, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, फुफ्फुसाची पीएफटी, पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, झोपेची टेस्ट. शिवाय डाएटिशियन, सायकॉलॉजिस्ट आणि शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरांचं फिटनेस. प्रत्येकाला सगळ्याच लागतात असं नाही, हॉस्पिटलप्रमाणे आणि माणसाच्या तब्येतीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, पण माझ्या वाट्याला सगळ्याच आल्या.

मला सुईची भीती नाही. माझी भीती रिपोर्टची आहे. माझे बाबा साध्या अपचनासाठी म्हणून सोनोग्राफीला गेले होते, मी सोबत होते. डॉक्टर आधी गप्पा मारत होते, कुठल्या गावचे, कुळागर म्हणजे सुपारीची बाग आहे का, यंदा सुपारीला भाव कसा, आणि बोलता बोलता एकदम गप्प झाले आणि प्रोब एकाच जागी फिरवत राहिले. त्यानंतर आमच्या घरावर जे आलं ते इथे लिहीत नाही. पण तेव्हापासून लॅबचं पाकीट हातात आलं की माझे हातपाय गार पडतात, आणि हे मी मुद्दाम सांगतेय कारण आमच्याकडे अशा भीतीला कुणी भीतीच समजत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणते, ‘कांय जावचें ना गो.’ प्रेमानेच म्हणते, पण तिला काय माहीत काही होणार नाही म्हणून? बाबांच्या वेळीही आम्ही हेच म्हणत होतो. वहिनी म्हणते विचारच करू नको. विचार काय मी ठरवून करते का, रात्री दोनला डोळे उघडतात आणि चक्र सुरू होतं, गाठ निघाली तर, हृदयात काही निघालं तर, ऑपरेशनच करता येणार नाही म्हणाले तर, मग हे वजन, हे गुडघे, हा धाप लागलेला जीव असाच घेऊन जगायचं का.

मला खरा आधार मिळाला तो डाएटिशियन मॅडमच्या केबिनमध्ये. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि वजन-उंची बाजूला ठेवून विचारलं, नेमकं कशाला घाबरलीस? मी म्हटलं, काहीतरी निघेल म्हणून. त्या म्हणाल्या, निघू दे की, निघालं तर काय करायचं ते ठरलेलं असतं, बस आपण लिहून काढू. आणि आम्ही ती यादी घेऊन बसलो. प्रत्येक टेस्टसमोर दोन प्रश्न, ही कशासाठी करतात आणि रिपोर्ट वाईट आला तर पुढे काय. शाळेतल्या मुलांची असते तशी दोनशे पानी वही आणली होती मी, तिच्यात लिहिलं. त्या वहीने मला जेवढं सावरलं तेवढं कुणाच्या धीर देण्याने सावरलं नाही, कारण माझ्या डोक्यात ‘वाईट रिपोर्ट’ म्हणजे पुढे काळोख एवढंच होतं आणि वहीत मात्र त्याच्यापुढे दुसरी ओळ होती, तिच्यात औषधाचं नाव होतं, किती आठवडे ते होतं, कोणाला दाखवायचं ते होतं. बहुतेक ओळींचा शेवट ‘सुधारून मग ऑपरेशन’ असाच होत होता. ‘ऑपरेशन नाही’ असा शेवट असलेल्या ओळी अगदी थोड्या, आणि त्यासुद्धा मी विचारून लिहून घेतल्या, लपवाछपवी नको म्हणून.

आता रक्ताच्या टेस्टचं बघा. एचबीएवनसी म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, त्यामुळे आदल्या आठवड्यात चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) खाल्ल्या म्हणून तो आकडा एकदम उडी मारत नाही आणि दोन दिवस उपास केला म्हणून खालीही येत नाही. जास्त आला तर काय? तर औषधं वाढवून साखर आटोक्यात आणतात, कारण साखर जास्त असली की जखमा लवकर भरत नाहीत, इन्फेक्शन होतं. अंगात लोह फार कमी असेल तर हाच आकडा थोडा फसवा येऊ शकतो, म्हणून दोन्ही एकत्र बघतात. थायरॉइडच्या टेस्टआधी केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला नक्की सांगा आणि डॉक्टरांना विचारून थोडे दिवस बंद करा, त्या गोळ्यांनी रिपोर्ट उलटसुलट येऊ शकतो. माझं व्हिटॅमिन डी तर तळाला गेलेलं. मला आश्चर्य वाटलं, बारा महिने एवढं ऊन, घरात रोज बांगडा नाहीतर तारले, पण डॉक्टर म्हणाले की भारतात हे सर्रास दिसतं आणि जाड माणसांत तर जास्तच, कारण हे व्हिटॅमिन चरबीत अडकून बसतं. उपाय काय, आठवड्याला एक सॅशे. एवढंच.

आणि एक गोष्ट मला कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवी होती असं वाटतं. रिपोर्टमध्ये जो ‘नॉर्मल’ आकड्यांचा पट्टा छापलेला असतो ना, तो साधारणपणे निरोगी माणसांतल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्यात बसतात असा धरलेला असतो. म्हणजे शंभरातले पाच जण धडधाकट असूनही त्याच्या बाहेर पडतात. मग पान भरून टेस्ट केल्यावर एखाददुसरा आकडा ठळक अक्षरात, बाजूला बाण काढून येणारच, तुम्ही कितीही ठणठणीत असा. तो बाण लॅबचं कॉम्प्युटर काढतं, त्याला तुमच्याबद्दल काहीही माहिती नसते. हे कळल्यावर माझा त्या बाणांकडे बघायचा डोळा बदलला.

उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणजे आमच्या गोव्यात पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो, दारात सायकल थांबते, गरम उंड्यांचा वास घरभर, आणि आपण नुसतं पाणी पिऊन निघायचं. पाणी मात्र प्या. साधं पाणी बहुतेक रक्ताच्या टेस्टना चालतं, लॅबला एकदा विचारून घ्या, आणि पाणी प्यायलं की शीर मिळायला सोपं जातं. आमच्यासारख्यांची शीर खोल असते आणि दोन-तीन ठिकाणी टोचलं की आपल्यालाच अपराधी वाटतं, जणू आपणच काही चुकीचं करतोय. तसं अजिबात नाही. मी आता खुर्चीत बसल्याबरोबर सांगते की उजव्या कोपराची शीर मिळते, डावीकडे शोधू नका, बारीक बटरफ्लाय सुई असली तर ती वापरा. फोंड्याच्या ज्या लॅबमध्ये मी जाते तिथली मुलगी इतकी गोड आहे, माझा हात आधी आपल्या तळव्यात धरून गरम करते आणि म्हणते, ‘हात सैल सोड बाय.’ रक्त बघून ज्यांना चक्कर येते त्यांच्यासाठी उपाय वेगळा आहे, त्यांनी सैल नाही सोडायचं, टोचतात तो हात तेवढा सैल ठेवून मांड्या आणि पोटऱ्या दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायच्या, सोडायच्या, परत आवळायच्या, त्याने बीपी पडत नाही. किंवा सरळ झोपून द्यायचं, सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

बीपीचं पण सांगते. एका ठिकाणी माझं बीपी इतकं आलं की तिथल्या बाईंनी सगळ्यांसमोर मोठ्याने आकडा वाचला आणि त्याच्या आधी काट्यावरचं वजन तसंच मोठ्याने वाचलं होतं, कॉरिडॉरमध्ये, माणसं बसलेली असताना. मला रडू आलं. वजन मोठ्याने वाचायची काय गरज असते? कागदावर लिहायचं की गुपचूप. तर बीपीबद्दल नंतर सर्जनच्या नर्सनी दाखवून दिलं की दंडाला बांधायचा तो पट्टा लहान पडला तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. मोठा कफ असतो, तो मागायचा. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं बसायचं, बोलायचं नाही आणि मग मोजायचं. मोठ्या कफने माझं बीपी नॉर्मलपेक्षा थोडं जास्तच आलं, पण ते पहिलं भयंकर वालं नाही.

सोनोग्राफीला जायचं म्हटल्यावर मी आदल्या रात्री झोपले नाही. बाबांचीच खोली डोळ्यांसमोर. यावेळी मी खोलीत गेल्या गेल्या डॉक्टरांना सांगून टाकलं की मला सोनोग्राफीची खूप भीती वाटते, वडिलांच्या वेळचा अनुभव आहे, तुम्ही गप्प झालात की मला काहीतरी भयंकर वाटणार. ते थांबले आणि म्हणाले, बरं केलंत सांगितलंत, मी मोजमापं घेताना गप्प होतो, लक्ष लागतं म्हणून, जिथे गप्प होईन तिथे आधी सांगेन. आणि खरंच सांगत गेले, आता लिव्हर मोजतोय, आता पित्ताशय, श्वास आत घ्या, धरा, सोडा. लिव्हर फॅटी निघालं, ग्रेड टू. खडे नाहीत. फॅटी लिव्हर पुढे काय? ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे कमी कॅलरीचं डाएट देतात, कारण लिव्हरचा डावा भाग नेमका जठरावर येतो आणि तो सुजलेला असला की सर्जनला तिथे पोचायला त्रास होतो. दोन आठवड्यांत तो चांगला आक्रसतो. खडे असते तर कधी कधी त्याच वेळी पित्ताशय काढतात, कधी नंतर बघतात. वहीत हे आधीच होतं म्हणून रिपोर्ट वाचताना मला वाटलं, बरं, ही ओळ आली, आता ह्या पानावर जायचं.

टूडी इकोला मात्र एक वेगळीच गंमत झाली, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. अंधारी खोली, डाव्या कुशीवर झोपवलेलं, थंडगार जेली, आणि इको करणारे म्हणाले, ‘विंडो नीट मिळत नाहीये.’ झालं, काळजाचा ठोका चुकला. तेवढ्यात मशीनमधून घुर्र घुर्र असा मोठा आवाज यायला लागला. मी विचारलंच, हे काय आहे? तर तो रक्त वाहण्याचा आवाज, डॉपलर, सगळ्यांच्याच इकोत येतो. आणि विंडो मिळत नाही म्हणजे फासळ्यांच्या मधून हृदय नीट दिसायला जागा मिळत नाही, छातीवर चरबी असली की होतं, हृदयात दोष आहे असा त्याचा अर्थ नाही. विचारलं नसतं तर घरी येईपर्यंत मी स्वतःला हृदयरोगी ठरवून मोकळी झाले असते. म्हणून म्हणते, खोलीतल्या माणसाचा चेहरा वाचत बसू नका, विचारा. टेक्निशियनला रिपोर्ट सांगायची परवानगी नसते त्यामुळे तो गप्पच राहणार, पण ‘हा आवाज कसला’ एवढं तर सांगेल.

एंडोस्कोपी. हिच्याबद्दल सविस्तर लिहिते कारण जास्त भीती हिचीच असते. तोंडातून कॅमेऱ्याची नळी जठरात घालतात. का करतात तर जठराच्या आत जखमा, सूज, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) काही आहे का बघायला. अ‍ॅसिडिटी फार असेल, हर्निया मोठा असेल तर स्लीव्हऐवजी बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडायची, असं ठरू शकतं. आणि बायपास केला की मूळ जठराचा मोठा भाग बाजूला पडतो, साध्या एंडोस्कोपीने तिथे पुन्हा जाता येत नाही, म्हणून आधीच बघून घेतात. हे कारण ऐकल्यावर मला ती टेस्ट पटली आणि पटलेली गोष्ट सोसायला सोपी जाते.

रात्रीपासून उपाशी होते. पाऊस धो धो, बाणस्तारीच्या पुलावर गाड्यांची रांग, नवरा गाडी चालवतोय आणि मी नुसती खिडकीतून नदी बघतेय. गुंगी द्यायची की नुसता स्प्रे मारून करायची असं विचारलं होतं. गुंगीचं इंजेक्शन दिलं तर सोबत माणूस लागतोच आणि त्या दिवशी गाडी-स्कूटर चालवायची नाही, आणि मला झोपेत श्वास अडकायचा संशय होता म्हणून डॉक्टरांचं मत पडलं की स्प्रेवर करू. घशात स्प्रे मारला, कडू, केळीच्या वासाचा, आणि दोन मिनिटांत घसा असा झाला की आपण गिळतोय की नाही तेच कळेना. ह्याची कल्पना दिलेली नसेल तर माणूस इथेच घाबरतो, श्वास कोंडला असं वाटतं. कोंडत नाही. नाकाने श्वास चालूच असतो. दातांत प्लास्टिकची रिंग, डावी कूस, लाळ गिळायची नाही, खाली वाहू द्यायची. सिस्टरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि त्या एकच सांगत होत्या, नाकाने घे, तोंडाने सोड, लांब सोड. मी मनात आमच्या देवळातल्या भजनाचा एक अभंग धरला होता, श्वास सोडताना एक ओळ. दोन-तीनदा उमासा आला, डोळ्यांतून पाणी आलं आणि मला वाटलं अजून अर्धा तास जाणार, तर डॉक्टर म्हणाले झालं. सगळं मिळून पाच-सात मिनिटांचं काम.

मग त्यांनी जठरातला एक बारीक तुकडा पिवळ्या जेलच्या एका छोट्या पट्टीत ठेवला. मी टेकून बसले होते, तोंड पुसत होते, आणि माझ्यासमोर तो पिवळा रंग कडेने गुलाबी व्हायला लागला. मला माहीत होतं ते काय आहे. वहीत लिहिलं होतं, एच पायलोरी हा जठरातला जंतू, रंग बदलला तर पॉझिटिव्ह. म्हणजे ज्याला मी इतके दिवस घाबरत होते, की माझ्या डोळ्यांदेखत काहीतरी ‘निघेल’, ते निघालं. आणि मी बसल्या बसल्या पुढची ओळ आठवली, चौदा दिवस अँटिबायोटिक आणि अ‍ॅसिडिटीची गोळी, मग कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची टेस्ट करून गेला की नाही बघायचं, आणि त्या टेस्टआधी दोन आठवडे अ‍ॅसिडिटीची गोळी बंद. डॉक्टर सांगायला लागले तर हेच सगळं. हा जंतू आपल्याकडे असंख्य लोकांच्या पोटात असतो, ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरन ह्या दोघांना त्याच्याच शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं, त्यातल्या मार्शलनी तर तो जंतू स्वतः पिऊन दाखवला होता. मी घरी येऊन मऊ पेज जेवले, घसा पूर्ण शुद्धीवर आल्यावर, आणि झोपले. दुपारची झोप, बिनघोर. कितीतरी दिवसांनी.

झोपेच्या टेस्टला डोक्याला, हनुवटीला, छातीला वायरी चिकटवतात, नाकाखाली नळी, बोटाला क्लिप, आणि म्हणतात आता नेहमीसारखं झोपा. नेहमीसारखी झोप लागतच नाही, पण तुटक लागली तरी बहुतेक वेळा टेस्टला पुरते, म्हणून झोप येत नाही ह्याची आणखी काळजी करू नका. केसांतली ती पेस्ट गरम पाण्याने जाते, हळूहळू. तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडला तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याच्यावर गंभीर. झोपेत असा श्वास अडण्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, माझा गंभीर आला. ही खरी धक्का देणारी गोष्ट, कारण नवरा घोरण्यावरून इतकी वर्षं चेष्टा करायचा आणि तो रिपोर्ट बघून तोच गप्प बसला. उपाय म्हणजे सीपीएपी मशीन, ते मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं, रोज रात्री मास्क लावून झोपायचं, ऑपरेशनआधी काही आठवडे तरी, म्हणजे भूल दिल्यावर आणि नंतर श्वासाचा धोका कमी होतो. पहिले दिवस मास्क नको नको वाटायचा, पावसात लाईट गेली की मशीन बंद, मग इन्व्हर्टरला जोडून घेतलं. पण सकाळचं डोकं दुखायचं ते थांबलंय आणि शाळेत दुपारच्या तासाला डोळे मिटायचे ते थांबलेत. हा रिपोर्ट मी केलाच नसता तर?

आणि ह्याच रिपोर्टने इन्शुरन्सचं काम झालं. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये वजनाच्या ऑपरेशनचा खर्च कधी नाकारायचा नाही ते ठरवून दिलं, वय १८ किंवा जास्त, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया, औषधांनीही आटोक्यात न येणारा टाइप टू डायबेटिस असं काही, आणि आधी साधे उपाय करून उपयोग झाला नाही असं डॉक्टरांचं म्हणणं. माझा बीएमआय ३९ च्या आसपास, म्हणजे नुसत्या वजनावर बसत नव्हते. पॉलिसीत वेटिंग पीरियड वगैरे आपापलं वाचून घ्या. मला मात्र ही अट जाचक वाटते. २०२२ मध्ये जगभरच्या बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनांच्या संघटनांनी आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून ऑपरेशनचा विचार करा असं म्हटलंय, कारण आपल्या लोकांना कमी वजनावरही पोटाची चरबी आणि डायबेटिस लवकर गाठतो, आणि इन्शुरन्सवाले अजून ३५-४० लाच धरून बसलेत. म्हणजे माणसाने आणखी आजारी पडायची वाट बघायची.

सायकॉलॉजिस्टकडे जायचं म्हटल्यावर आई म्हणाली, ते कित्याक, तू पिशी काय? म्हणजे ते कशाला, तू वेडी आहेस का? पिशी नाही ग आई. त्या बाईंनी जेवणाबद्दल विचारलं, रात्री उठून खाते का, दुःख झालं की खाते का, दारू, मूड, ऑपरेशनकडून काय अपेक्षा आहेत, घरी कोण मदत करेल. मी टेस्टच्या भीतीबद्दल सांगितलं तर त्यांनी ते टिपून घेतलं आणि उलट बरं झालं म्हणाल्या, कारण ऑपरेशननंतरही जन्मभर रक्ताच्या टेस्ट करत राहायच्या असतात, बी १२, लोह, डी, हे सगळं. तेव्हा भीतीवर आत्ताच काम करूया. त्यांनी एक शिकवलं ते मला लागू पडलं, काळजीला संध्याकाळची वीस मिनिटं द्यायची. दिवसभरात डोकं वर काढलं की कागदावर शब्द लिहायचा आणि सांगायचं, साडेसहाला. साडेसहाला बसले की अर्ध्या गोष्टी शिळ्या झालेल्या असतात.

घरात आम्ही एक नियम केला. लॅबचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर येतो, माझ्या नाही. रात्री नऊनंतर पीडीएफ उघडायची नाही, शनिवारी दुपारनंतर तर नाहीच, कारण सोमवारपर्यंत विचारायला कुणी नसतं आणि मग गूगल, आणि गूगलवर दुखऱ्या करंगळीचाही कॅन्सर होतो. डॉक्टरांच्या वेळेच्या आसपासच उघडायचं आणि वही समोर ठेवून. नातेवाइकांत सगळ्यांना सांगितलेलं नाही. जत्रेत कुणी विचारलं, खंय गेल्लें गो, हॉस्पिटलात दिसलें म्हूण, तर मी म्हणते चेकअप. प्रत्येकाची मावशी कुणातरी बिचारीची गोष्ट घेऊन तयार असते आणि ती ऐकायची ताकद सध्या माझ्यात नाही, असं सरळ म्हणायलाही आता मला काही वाटत नाही. शेजारच्या आंटींना मात्र सांगितलं, त्यांचा स्वतःचा बायपास झालाय, हृदयाचा, त्या येतात आणि नुसत्या बसतात, सोलांचं सार करून आणतात.

आता एच पायलोरीचा कोर्स संपलाय, चार आठवड्यांनंतरची टेस्ट निगेटिव्ह आली, शुगर खाली आलीय, डी वर येतंय. लिव्हरवालं डाएट पुढच्या महिन्यात, त्यात शीत (भात) नाही, हुमण (माशांची आमटी) नाही, पोयी (पाव) नाही, ते एक दिव्यच असणार आहे. येत्या आठवड्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट आहे आणि वहीत त्यांच्यासाठी पान काढून ठेवलंय. सीपीएपी मशीन ऑपरेशनच्या दिवशी सोबत आणायचं ना? बीपीची गोळी त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची की नाही? एंडोस्कोपीत उमासे आले होते, तर उलटीचं औषध आधीच देता का? थिएटरच्या बाहेर थांबवतात तेव्हा नवऱ्याला जवळ थांबू देतात का, आणि मला भीती वाटायला लागली तर तिथे कुणाला सांगायचं? ज्यांचं झालंय त्यांना आणखी काही विचारायला हवं असं सुचत असेल तर कळवा, भेटीच्या आधी पानावर लिहून घेते.